अठरा मिलिमीटर

स्मोल्यानच्या चढावर माझं शिलाईचं दुकान.
चाळीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करते आहे.
माणसाचे दोन पाय सारखे नसतात
हे डॉक्टरांच्या आधी शिंप्याला कळतं.
गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून
मी खडूची रेघ एका पायाला जराशी वर ओढायची
आणि गिऱ्हाइकाला काही सांगायची नाही.

मग फेब्रुवारीत, पावाच्या दुकानासमोर,
बर्फाखालच्या बर्फावर पाय गेला.
मांडीचं हाड. डावं.
आवाज मला ओळखीचा वाटला :
लाकडी मोजपट्टी मोडते, तसा.

डॉक्टर काराजोव म्हणाले,
आत सळई घातली आहे, वर दोन स्क्रू, खाली दोन.
हाडाचे इतके तुकडे होते, वेलिच्का,
की लांबी अंदाजानं जुळवावी लागली.
अंदाजानं!
मी त्यांच्याकडे कापड बेतणाऱ्या बाईच्या नजरेनं पाहिलं.
मग गप्प बसले.
कडच उसवून गेलेली असेल
तर मोजायला सुरुवात कुठून करायची,
हे मलाही कधी नीट जमलेलं नाही.

एप्रिलमध्ये कुबड्या सुटल्या
आणि डावीकडची जमीन उशिरा येऊ लागली.
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त निघावी
तसं, प्रत्येक पावलाला.

दवाखान्यातली देसिस्लावा, नातीच्या वयाची,
माझ्या डाव्या तळव्याखाली पातळ फळ्या सरकवत गेली.
दोन्ही अंगठे माझ्या कमरेच्या हाडांवर,
डोळे त्यांच्याच पातळीत.
आता? अजून.
आता? थोडं.
अठराला ती थांबली.
एवढंच? पँटीच्या तळाची दुमडसुद्धा याहून मोठी असते.
दोन सेंटिमीटरच्या आत आहे, डॉक्टर म्हणाले, चालतं.
चालतं.
चालते मी, डॉक्टर.

घरी येऊन सगळ्या स्कर्टांची डावी कड वर घेतली.
पुढच्या आठवड्यात मेतोदीनं डाव्या बुटाला
बुचाच्या लाकडाचा तळ चिकटवून दिला,
आणि बूट घालून आरशापुढे उभी राहिले
तर कंबर सरळ, स्कर्ट तिरके.
पुन्हा उसवले. बारा स्कर्ट.
रात्री पाणी प्यायला अनवाणी उठते
तेव्हा घर डावीकडे कललेलंच असतं.
नवरा झोपेत ऐकतो : टप, टाप. टप, टाप.
म्हणतो, आता चोर आला तर लगेच कळेल, तो सारखा चालेल.

सप्टेंबरात मेतोदीकडे बूट दुरुस्तीला,
पायात जुनेच जोडे,
आणि नेवेनाकडे दह्याला जायचं म्हणून
डोंगराच्या कुशीतली पायवाट धरली.
डोंगर डावीकडे, दरी उजवीकडे.
अर्ध्या वाटेवर लक्षात आलं
की काहीतरी बंद पडलंय.
थांबले. पुन्हा चालले.
आवाज एकसारखा. टप, टप.
वाट दरीकडे कललेली होती,
डोंगरानं माझ्या डाव्या पायाखाली
मोजून फळी सरकवली होती.
तिथल्या पाइन झाडांसमोर मी, बासष्ट वर्षांची बाई,
उगाचच दोनदा मागे जाऊन पुन्हा पुढे आले.

येताना अर्थात डोंगर उजवीकडे.
दिलेलं सगळं त्यानं व्याजासकट परत घेतलं,
दह्याची बरणी हिंदकळत, मी कमरेत मोडत
घरी पोचले तेव्हा नवऱ्याला वाटलं, पुन्हा पडले.

आता दर मंगळवारी जाते. जाते पायी,
जुन्या जोड्यांत, येते खालच्या रस्त्यानं बसमधून.
घरी अजून अर्धं दही उरलेलं असतं.
ड्रायव्हर एकदा म्हणाला,
बाई, चढ जाताना आहे, बस जाताना घ्यायला हवी,
लोक उलट करतात.
मी बरणी मांडीवर घट्ट धरली, डाव्या मांडीवर,
सळई आहे तिथे.
म्हटलं, जाताना मला घाई नसते.