सव्वा गुंठा

रात्रपाळीत समुद्र चाखायचा नसतो, मोजायचा असतो.
सूरच्या या कारखान्यात दर दोन तासांनी
मी बाटलीत पाणी धरते, मीठ किती उरलं ते लिहिते,
आणि पलीकडच्या टेबलावर कुवाहारा-सान
जमिनीचा नकाशा उलगडून बसतात.

टोकियोहून सव्वा तास. मग बस. मग चढ.
"चाळीस त्सुबो," ते म्हणतात.
एक त्सुबो म्हणजे दोन चटया
शेजारी शेजारी अंथरल्या तर अडते तेवढी भुई.
मी कॅल्क्युलेटर काढते: सव्वा गुंठा, वर चिमूटभर.
आमच्या परड्यातल्या एका फणसाची सावली
एवढ्यात मावली नसती.

जागा झेंड्याच्या आकाराची:
पुढे काठीएवढी वाट, मागे कापड.
म्हणून स्वस्तात सुटली.
म्हटलं, हिला आम्ही गोमुखी म्हणतो,
तोंडाशी अरुंद, पोटाशी ऐसपैस,
घराला शुभ, आणि म्हणूनच महाग.
ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

समोरचा रस्ता चार मीटर भरत नव्हता,
तर आपणच हातभर मागे सरायचं,
कुंपण आत घ्यायचं. तक्रार नाही, कोर्ट नाही.
हे मी चुलत दिरांना कळवलेलं नाही.

मग त्यांनी जुना नकाशा काढला, आजोबांच्या वेळचा.
नवं नाव उजेडाची टेकडी.
जुनं नाव बेडूकतळं.
"विकणाऱ्याने सांगितलं नाही?"
"विचारलं की सांगतात. विचारावं लागतं."
त्यांनी मातीत भोकं पाडून पाहिली,
खांब किती खोल न्यायचे ते ठरवलं,
आणि घेतली.

माझ्या फोनमध्ये तळेकर एजंटचे अकरा फोटो.
राजापूरजवळ, एनए प्लॉट, सनराइज पार्क.
फक्कीच्या रेघा, कमान, कमानीवर दोन हंस.
सातबारा आहे. फेरफार आहे.
टोकन उद्या संध्याकाळपर्यंत.

तीन वाजता मिठाची एक फाटकी गोणी घेऊन
आम्ही पार्किंगमागच्या मोकळ्यावर गेलो.
बारा पावलं, अकरा पावलं,
रांगोळीसारखी चिमटीतून धार सोडत
मी त्यांचं कुंपण घातलं.
इथे स्वयंपाकघर. इथे आईची खोली, दक्षिणेला.
इथे चपला.
चहूकडे डोंगरापर्यंत भुईच भुई,
आणि तिच्यातली वीतभरही
आम्हा दोघांच्या नावावर होणारी नाही.

टॉर्च घेऊन हमूद अल-अरैमी आला. काय हरवलं?
सांगितलं.
तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला.
सरकारी जमिनीच्या यादीत त्याचं नाव नऊ वर्षं आहे,
लग्नाआधीपासून. आता तीन मुली.
मग तो वळसा घालून पुढे गेला,
झेंड्याच्या काठीतून आत आला,
आणि स्वयंपाकघराच्या अलीकडे
त्याने वहाणा काढल्या.

सहाला मी तळेकरांना फोन लावला.
"जुनं नाव काय या जागेचं?"
"मॅडम, सनराइज पार्क."
"त्याआधी."
पलीकडे कुणीतरी चहा ढवळत होतं.
"बघून सांगतो."

शिफ्ट सुटली तेव्हा वाऱ्याने मीठ नेलं होतं,
एक कोपरा तेवढा उरला होता, अंदाजाने आईच्या खोलीचा.
हमूदची गाडी रोज तिथेच असते.
आज त्याने ती बरीच लांब,
उन्हात लावली होती.