ऐंशीच्या खाली

वैजयंती आवटे खडकीहून आली रिक्षाने,
मांडीवर दोन स्पीकर, टॉवेलात गुंडाळलेले,
डॉक्टरकडे मांजर न्यावं तसे.
"वर्षसुद्धा झालं नाही," म्हणाली, "आणि एक खरखरतोय."

तापकीर गल्लीत हे वाक्य मी
दिवसातून तीनदा ऐकते.
जाळी काढली. चार इंची कोन,
रबराची कड एका अंगाने उचकटलेली.
दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आत दाबला,
तर आत कॉइल घासली,
कुणी नखाने सुपारी खरवडावी तशी.

"आवाज फार मोठा ठेवतेस?"
"छे हो. चाळीत भिंतीला भिंत. मोठा कुठला ठेवते!"

मग दुसरा, धडका, टेबलावर उताणा ठेवला
आणि सिग्नल जनरेटरची चकती खाली आणत गेले.
दोनशे. शंभर. साठ.
आवाज विरत गेला.
तीसला तर काहीच ऐकू येईना,
कोन मात्र असा आत-बाहेर, आत-बाहेर,
की त्यावर राहिलेला स्क्रू उडून
मुश्ताकच्या चहात पडला.

"बघ," म्हटलं, "जे ऐकू येत नाही ना,
त्यानेच मरतात हे.
हौद उपसायला वाटी दिलीयस तू."

उपाय पन्नास रुपयांचा.
दोन कपॅसिटर, पाठीला पाठ लावून डाग दिलेले
(भांडून झोपलेलं जोडपं, असं आमचे हे म्हणायचे),
ऐंशीच्या खालचं सगळं दारातच अडवतात.
गाणं राहतं तसंच.
तळ तेवढा जातो.

ती टॉवेलाची घडी घालत राहिली.
मग म्हणाली,
"तळासाठीच तर लावते मी. बाबांना."

चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात, चाचणीच्या शेडवर.
कानात कापूस, तोही आठवला तर.
आता शब्द पोचत नाहीत, ओरडून बोललं तर नुसते हसतात.
पण संध्याकाळी स्पीकर पोटाशी घेऊन बसतात,
तळहात कोनावर,
आणि पखवाजाची समेची थाप आली
की मान बरोबर त्याच जागी खाली.
गुरुवारी हात काढून
हाताकडेच बघत राहिले.
तेव्हा कळलं तिला, बिघडलाय.

मी सोल्डरची सळई स्टँडवर ठेवली.
इतकी वर्षं खालचं अडवत आले,
ते कुणाला हवं असेल, तेही कानांना नव्हे,
खरं सांगते, डोक्यातच आलं नव्हतं.

माळ्यावर एक बारा इंची पडून होता,
कोंढव्याच्या मंगल कार्यालयाने काढून टाकलेला.
मुश्ताकने शिडी लावली. धूळ आली, एक वाळकी पाल आली,
मग तो आला.
कोनाला ठिगळ, मीच लावलेलं,
ह्यांच्या आजारपणाच्या वर्षी. सुबक नाही. टिकलंय.
आणि बिस्किटांच्या डब्यात ह्यांनी गुंडाळलेली चोक कॉइल.
वेढे मोजताना मध्ये बोललं की पहिल्यापासून मोजायचे,
रागाने, मोठ्याने.
तिला गिऱ्हाईक आलं की मी "नाहीये" म्हणायचे.

ऐंशीच्या वरचं लहानांकडे,
खालचं ह्या थोरल्याकडे.
"खाटेखाली ठेव," म्हटलं, "तोंड वर करून.
लोखंडी असेल तर नटबोल्ट आवळून घे आधी."
"आणि शेजारी?"
"कमीच ठेव. अंगाला थोडं पुरतं."

आठ दिवसांनी फोन आला. बोलली नाही,
नुसता फोन धरला तिकडे.
फोनला कुठलं यायला ऐंशीच्या खालचं!
टकटक तेवढी आली, पखवाजाची साल,
आणि समेला दर वेळी
खाटेचा एक नट किणकिणला.

"आवळला नाहीस," म्हटलं.
"बाबा हात लावू देत नाहीत."