दोन मग

कोपरखैरणे, पिठाच्या गिरणीच्या वर,
शनिवारी साडेचार ते सहा.
जिन्यात बाजरीचा वास, वर कसलाच नाही.
"जलरंगाला वास नसतो काका,"
भूमी मढवी म्हणाली पहिल्या दिवशी.
वय सव्वीस, नखांत कायमचा निळा.
चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढल्यावर
बिनवासाचा रंग म्हणजे
मला थापच वाटली.

शेड जुळवणं हे माझं काम.
कापडाचा तुकडा नमुन्याशेजारी धरायचा,
एकदा ट्यूबलाइटखाली, एकदा खिडकीत,
पास किंवा फेल.
लाल मला नंबरानं ओळखीचा.
एकशे सव्वीस, एकशे सव्वीस ब.
साहेब म्हणायचे, कुळयेचा डोळा म्हणजे मशीन.

त्या डोळ्याच्या हाताला आता
साधा सपाट वॉश घालता येत नाही.
बोर्ड तिरका, ब्रश ओला,
खाली साचलेला थेंब पुढच्या ओळीनं उचलायचा,
बस, एवढंच.
माझा थेंब पळतो.
शेजारी बसणारा सातवीतला हृदान
मान लांब करून बघतो, म्हणतो,
"काका, तुमच्या आकाशाला शेंबूड आलाय."

तिसऱ्या शनिवारी अंडं.
पांढऱ्या रुमालावर पांढरं अंडं,
आणि पांढरी ट्यूब तिनं खणात बंद करून टाकलेली.
"पांढरा लावायचा नसतो, सोडायचा असतो."
हे सोडणं मला कुणी शिकवलं नव्हतं.
"सावली काळी नाहीये. नीट बघा."
बघितलं. मान अवघडेपर्यंत बघितलं.
मग अंड्याच्या पोटाशी रुमालाचा उजेड दिसला,
सावलीत ग्रिलचा निळा,
आणि कडेला, शपथेवर सांगतो, थोडा एकशे सव्वीस.
घाईघाईनं उतरवला, कागद वर धरला.
पास की फेल?
"अजून ओलं आहे," ती म्हणाली.

प्रत्येकापुढे दोन मग.
एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा.
मी हटकून चुकीच्यात बुडवतो.
जाताना गढूळ मग बेसिनमध्ये ओतताना
सहज विचारलं, हे जातं कुठे?
"खाडीत. अजून कुठे जाणार?"
पॅलेट पुसता पुसता पुढे म्हणाली,
"आमचे आजोबा गोठिवलीचे. निवट्या धरायचे.
मग निवट्या यायच्या बंद झाल्या."
आवाजात राग नव्हता.
फडकं पिळलं, वाळत घातलं.

आमच्या कारखान्यामागे नाला होता.
सोमवारी लाल, गुरुवारी पोपटी.
नाला बघून आम्ही पैजा लावायचो
आज कुणाची ऑर्डर चालू आहे यावर,
आणि मी क्वचितच हरायचो.
प्रवेशाच्या फॉर्मवर व्यवसाय म्हणून
मी नुसतं 'निवृत्त' लिहिलंय.

परवा सगळ्यांना घेऊन ती घणसोलीच्या खाडीवर गेली.
ओहोटी होती. नुसता चिखल.
"चिखलाची ट्यूब मिळत नाही," ती म्हणाली, "जमवा."
तपकिरीत निळा घातला, फार निळा झाला,
पुन्हा तपकिरी, मग चिमूटभर जांभळा.
चिखल दर पाच मिनिटांनी बदलत होता
आणि शेजारी धरायला नमुना नव्हता.
सहा वाजता हृदाननं त्याचा मग खाडीत फेकला.
माझा मी हातात धरून रिक्षात बसलो.
रिक्षावाला आरशातून बघत होता.
स्पीडब्रेकरला थोडं विजारीवर सांडलं.

मग गॅलरीत ठेवला.
बायको म्हणाली, डास होतील.
त्यावर बशी झाकली, मग काढली,
नाहीतर सुकणार कसं?
अकराव्या दिवशी पाणी उडालेलं,
तळाशी पापुद्रा,
कुठल्याही शेडकार्डात नसलेला राखाडी.

स्वच्छ मगातला ब्रश त्यावर फिरवला
आणि अर्धवट चिखलाखाली
सावली घातली.
थेंब पळालाच.