एको बंद

मल्हारगंजात माझं साउंडचं दुकान.
दोन मिक्सर, सहा भोंगे, एक जनरेटर,
आणि सत्तावीस लग्नसराया वरातीपुढे काढून
गेलेला डावा कान.

गाणारे येतात, पहिलं वाक्य एकच:
दिगूभाऊ, एको जरा जास्त ठेवा.
ठेवतो. आवाज विहिरीत पडल्यासारखा
गोल फिरून वर येतो,
आणि पंगतीतले लोक मान न उचलता
दुसऱ्यांदा श्रीखंड मागतात.

हेमा कोकरे आली तेव्हा
खांद्यावर वीज ऑफिसची पिशवी होती.
दिवसा मीटर वाचते, रामबागेतले जिने चढते उतरते.
तंबुरा देवासच्या एका भजन्याकडून घेतलेला,
खुंटी तुटली तिथे गिटारची किल्ली.
म्हणाली, एको काढा.
पूर्ण?
पूर्ण. माझंच मला परत ऐकून काय करायचं?

त्या दिवशी ऐकायला एकतीस माणसं.
मी मोजली, खुर्च्याही माझ्याच होत्या.

गाणी तिची तिनंच जुळवलेली.
कुलूप लागलेल्या घराच्या मीटरवर,
ज्याचा आकडा तरीही महिन्याला एकानं सरकतो.
सराफ्यात सोन्याची दुकानं मिटल्यावर
कढई मांडणाऱ्याच्या पोळलेल्या मनगटावर.
खान नदीवर, जिला आम्ही नाला म्हणतो
आणि पाहुणे आले की नदी.
चाल माळव्याची, रात्रभर जागणाऱ्या भजनांची,
मध्येच एखादी ओळ उंच फेकलेली,
पलीकडच्या माळावरच्या मेंढराला हाक मारावी तशी.
तिचे लोक नर्मदा ओलांडून आले तेव्हा
घोंगडीत बांधून आणली असेल.

आणि भाषा? आमचीच. घरातली.
दिवा जळून राहिला, तू कुठे जाऊन राहिली.
पुण्याचे एक पाहुणे होते. कार्यक्रम झाल्यावर
प्रेमानंच म्हणाले, बाई, ‘जळतो आहे’ म्हणतात.
तिनं वहीत लिहून घेतलं.
पुढच्या महिन्यात त्याच गाण्याला एक कडवं जास्त:
पाहुणा सांगून गेला, दिवा जळतो आहे,
आमच्याकडे बापडा जळूनच राहिला.
सगळे हसले. हसता हसता मागच्या रांगेत
शिर्केकाकूंनी चष्मा काढला
आणि बराच वेळ घातला नाही.

मुंबईहून कुठल्या कंपनीचा फोन आला होता.
ही म्हणाली, मार्चमध्ये ऑफिसात फार काम असतं.
गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून विकते,
लवंगी शेवेच्या पुडीसारखी कागदात बांधून, दीडशेला.
कधी सात जातात, कधी दोन.

लोक विचारतात, तिच्यात असं आहे काय?
मला सूर कळत नाहीत. मला सुई कळते.
बाकीच्यांची सुई सारखी लालाला धडका देते.
हिची खाली, हिरव्यात, शांत,
आणि शब्दाच्या आधी ती श्वास घेते तिथे
सुई किंचित हलते,
झोपलेल्या मांजराचा कान हलावा तशी.
तो श्वास कापता येतो. बटण आहे.
मी त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

भाडं आठशे. तिला दोनशे लावतो.
बिलावर लिहितो: माइक दोन, स्टँड एक, एको बंद.
उरलेल्या सहाशेचं तिनं गाणं केलं, माझ्यावर.
त्यात भोंगे आहेत, डिझेलचा वास आहे,
पहाटे ट्रकवर वायरी गुंडाळणारा मी आहे,
आणि ‘उजवा कान दिला वरातीला’.

उजवा.

सांगणार होतो. घरी ‘डावा’ घालून म्हणूनही पाहिलं,
सायकलची चेन उतरल्यासारखं झालं.
राहू दिलं.

आता ते गाणं ऐकलेली माणसं
दुकानात येतात, आठवणीनं वळसा घालून
माझ्या डाव्या अंगाला उभी राहतात
आणि कानाशी वाकून काय काय सांगतात.
मी मान हलवतो.