आणेवारी

गंगावेशीत रात्री दहाला म्हशी उभ्या असतात
आणि माणसं ग्लास धरून वाट बघतात.
मी पाच दिवस पंचनाम्यात होते,
चिखली, आंबेवाडी, मग पुन्हा चिखली.
चपलेच्या खाचेत अजून गाळ,
पिशवीत एकशे बारा अर्ज, त्यांतले एकोणीस अंगठ्याचे.

विषय चौगुले सरांनी काढला.
निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग लागतो, कुठंही.
"पृथ्वी तापलीय, हे तर मान्य?
मग त्यात माणसाचा वाटा किती, सांगा."
वाटा म्हटलं की इथं आधी मटण आठवतं.
दोघं हसले.

बसगोंडा गवळी कासेला पाणी लावत म्हणाला,
"चार आणं. बाकी सगळा सूर्य.
आमच्या आज्यानं गोठ्याच्या खांबावर रेघ मारलीया पुराची,
तवा कुठं हुत्या एवढ्या गाड्या?"
"खांब खरा," सर म्हणाले,
"पण त्या रेघेच्या वर तुझ्या पोरानं दोनदा मारली,
ती कुणाच्या खात्यावर?"
"धरणाच्या. दारं उशिरा उघडली."
"दारं काय सूर्यानं बसवली?"

बुलेटवर रेललेलं एक पोरगं मध्येच बोललं,
"म्हशी ढेकर देत्यात, त्यानंबी तापतंय म्हणं."
तेव्हा मात्र बसगोंडा खराच चिडला.
"माझ्या म्हशीला ह्यात आणायचं न्हाई."
म्हशीनं शेपटी फिरवली. तिचं मत कळलं नाही.

दस्तगीर शिकलगार इतका वेळ गप्प होता.
एकतीस वर्षं शिरोलीत भट्टीपुढं,
भुवया गेल्या त्या परत उगवल्या नाहीत.
"सूर्याचं मला म्हाईत न्हाई, सर.
रस पांढरा झाला की मला कळायचं किती तापलाय,
मीटर मागनं बघायचो.
पण भट्टी आपोआप पेटल्याली
एकदाबी बघितली न्हाई."
"म्हणजे सोळा आणे?"
"लिवा सोळा. पण माणूस म्हंजे कोण, ते खाली लिवा.
मी वतलेलं पंप कुठल्या मुलखात गेलं, अल्ला जाणे.
माझ्या घरात एक पंखा. त्योबी खडखडतोय."

सगळे माझ्याकडं वळले.
"तलाठीबाई, तुमच्याकडं रकाना असंल की."
आहे. नुकसानीचे कारण.
त्यापुढं आधीच छापलेलं असतं: नैसर्गिक.
एकशे बारा वेळा मी तिथं खूण केली,
एकदाही पेन अडलं नाही. आत्ता सांगताना अडलं.

वाटणीचे तंटे मी पुष्कळ बघितलेत.
दोन आण्यांसाठी सख्खे भाऊ बांध कोरतात,
आईच्या तेराव्याला मोजणीची तारीख मागतात.
पण आपला वाटा कमी निघावा
म्हणून भांडणारे वारस
मी पहिल्यांदाच बघत होते.

दूध संपलं. सर सायकल ढकलत गेले,
दस्तगीरभाई त्यांच्याशेजारनं, अजून बोलत.
बसगोंडानं माझे पैसे घेतले नाहीत.
बादली विसळली, आवाज खाली केला.
"बाई, गोठा नदीच्या अंगाला हाय.
जोतं किती फूट उचलू?"
मी म्हटलं, "चार आण्यांच्या हिशेबानं सांगू,
का सोळा?"

तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.
फेस ग्लासाच्या काठावर बसत गेला.

"सोळाच्या," तो म्हणाला.