काढण्याचं कारण

उजळाईवाडीच्या माळावर, हँगरच्या पत्र्याखाली
दोन इंजिनांचं जुनं विमान तीन घोड्यांवर उभं आहे,
चाकं जमिनीपासून चार बोटं वर.
कुण्या साखर कारखान्याच्या चेअरमननं हौसेनं घेतलेलं;
दोन निवडणुका हरल्यावर
तो ते विकायचंही विसरून गेला.

आता नवे मालक आलेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे:
याचं पेट्रोल मिळत नाही, सिलिंडर मिळत नाहीत,
रॉकेलचा थोरला भाऊ मात्र दर विमानतळावर हजर.
तेव्हा बारा पिस्टन उतरवा,
दोन टर्बाइन चढवा.
पंख तेच, शेपूट तीच,
खिडकीतला तो पिवळट पडदासुद्धा तोच.

दस्तगीर शिकलगार अठ्ठावीस वर्षं या इंजिनांपाशी.
त्याआधी उद्यमनगरात, ऑइल इंजिनच्या शेडमध्ये,
त्याआधी बापाच्या सहाणेवर, अडकित्त्यांना धार लावत.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनच्या पोटाला लावी,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटून सांगे,
"डाव्यातलं चौथं. व्हॉल्व बसंना झालाय."
उघडलं की तसंच निघे.
आता माणसांचं बोलणं त्याला नीट पोचत नाही.
हाडातून येणारं सगळं येतं.

नवी पेटी फोडली, चेनपुली ओढली,
साखळीला वजन जाणवलंच नाही.
जुनं अडीचशे किलो भरलेलं,
हे दीडशेच्या आत, आणि ताकद दीडपट.
"एवढंसं, पोरी?" चाचा म्हणाला,
आणि टर्बाइनच्या पात्यांवरून अंगठा फिरवला,
धार बघतात तसा, आडवा.

मी त्याच्यासमोर नकाशा पसरला.
हलकं आहे म्हणूनच याला हातभर पुढं टांगायचं.
जुन्या जागी बसवलं तर शेपूट जड होईल,
विमान उडेल, पण त्याच्या मनाला येईल तसं.
म्हणून हे नाक एवढं लांब,
म्हणून या नळ्यांचा नवा सांगाडा.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
"म्हंजी तराजूच की," तो म्हणाला,
"हलकं वजन दांडीच्या टोकाला."
शाहूपुरीच्या गूळ बाजारात हे त्यानं
चड्डीच्या वयातच बघून ठेवलं होतं.

वेल्डिंगला नऊ दिवस. वायरिंगला किती ते विचारू नका.
पहिल्यांदा पेटवलं त्या सकाळी
गोकुळ शिरगावचा भोंगा नुकताच थांबला होता.
खोकला नाही, निळा धूर नाही,
आधी एखाद-दुसरा ठोका चुकवून मग लागणं नाही.
एक बारीक शीळ चढत चढत गेली
आणि माळावरच्या टिटव्या उठल्या.

चाचा पंखाच्या टोकाशी आला, पंख्यापासून लांब.
सवयीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.
मी हातानंच विचारलं, काय?
"काईच न्हाई."
मग थोड्या वेळानं, डोळे तसेच मिटून,
"न्हाई, हाय. लांब कुटंतरी ऊस गाळाय लागल्यात."

जुनी इंजिनं शिरोलीच्या भट्टीवाल्यानं किलोवर मागितली.
वितळून पंपाची घरं होतील, कुणाची रोपं पाणी पितील.
एक क्रँकशाफ्ट लेथवाल्या हिंदुराव कळकेला हवी आहे,
कशाला ते तो सांगत नाही.

नोंदवही माझ्याकडे असते.
त्या संध्याकाळी चाचानं मागून घेतली.
काढलेला भाग: डावं इंजिन, क्रमांक, तास.
काढलेला भाग: उजवं इंजिन, क्रमांक, तास.
शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं.
झीज, तडा, गळती, मुदत संपली,
असं काहीतरी.
त्यानं चष्मा पुसला, पेन झटकलं
आणि दोन्ही ओळींपुढे लिहिलं:
चालू होतं.

खाली सही माझी लागते.
मी केली.