बोझेना म्हणते, टोमॅटो वर चढतायत

फोनवर ती एवढंच म्हणाली.
मी विचारलं, किती?
तासाला चार बोटं.
मी जागची हलत नाही, हाल्बेरा,
आणि सकाळी हनुवटीशी असलेला घड
जेवणाच्या सुट्टीला कपाळाच्या वर.

दहा वाजलेत. फ्लूदिरला अजून उजाडायचंय.
बर्फात काचघरं तेवढी पेटलेली,
चूल विझवायला कुणी विसरल्यासारखी.
आत पाऊल टाकलं की चष्मा आंधळा.
तो पुसेस्तोवर नुसते वास:
टोमॅटोच्या पानांचा,
आणि त्याच्या तळाशी, माझ्या ओळखीचा, तेलाचा.

लिफ्ट उभी होती गरम पाण्याच्या पाइपांवर,
तेच तिचे रूळ.
कात्रीचे पाय अर्धे मिटलेले,
उठावं की बसावं हे न ठरलेल्या गाईसारखे.
गुद्योन म्हणाला, सिलिंडर गेलाय.
हॉलंडहून नवा मागवतोय.
त्या किमतीत त्याची जुनी गाडी दोनदा आली असती.
थांब, म्हटलं.

आधी टेकू.
पोलादी दांडा चौकटीत बसल्याशिवाय
त्या कात्रीत मी टोपीसुद्धा घालत नाही.
हे थोर्लेइफुरने शिकवलं.
त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं.
नसलेल्या दोन बोटांनी त्याला शिकवलं होतं.

मग पुठ्ठा. गळती हाताने चाचपू नये,
दाबातलं तेल सुईहून बारीक,
त्याला कातडीची भीड नसते.
पुठ्ठा कोरडाच निघाला.
रॉडवरून नख फिरवलं, कुठे अडलं नाही.
टाकीत तेल खुणेपर्यंत, पातळ चहाच्या रंगाचं, फेस नाही.
हवा शिरली असती तर गचके दिले असते.
ही गचके देत नव्हती.
खचत होती,
न सांगता, सभ्यपणे.

टेकू काढला, लिफ्ट वर नेली, दोघांना मागे सरकवलं.
रॉडवर खडूची रेघ.
सिलिंडरजवळचा कॉक बंद केला:
वीस मिनिटं रेघ जिथल्या तिथे.
उघडला:
रेघ निघाली हळूहळू आत, घरी जायला निघाल्यासारखी.

म्हणजे सिलिंडरवर आळ होता नुसता.
दोष पुढे, उतरायच्या व्हॉल्व्हमध्ये,
जिथे दार लागतं पण कडी बसत नाही.

लिफ्ट पार खाली बसवली, दाब सोडला, व्हॉल्व्ह उघडला.
बैठकीच्या कडेला तिळाएवढा काळा टवका.
रबराचा.
चिमट्यात धरून दिव्याखाली नेला
आणि ओळखला.

सप्टेंबर. मेंढ्या डोंगरावरून उतरवायचा दिवस.
बाहेर भावाची गाडी हॉर्न वाजवत होती,
आणि मी नवं सील बसवत होते,
खाचेची धार न घासता,
तेलाचं बोट न लावता,
दाबून.
बसलं. बसतंच. टिकलंही.
त्याचा हा एवढासा टवका मात्र
चार महिने तेलात फिरत राहिला, बसायला जागा शोधत.

काय निघालं? बोझेना.
तळहात पुढे केला.
एवढंच?
एवढंच. माझंच आहे.
ती हसली. तिला माझी भाषा नीट कळली नसेल,
किंवा मीच पुटपुटले असेन.
गुद्योन फोनवर होता, हॉलंडशी, नको म्हणून सांगत.
मजुरीच्या रकान्यात काय लिहायचं
ते मी अजून ठरवलेलं नाही.
सील बदलायचंय, तेलही, येत्या शनिवारी,
एवढं लिहिलंय.

मग बोझेना वर गेली, घडासमोर उभी राहिली.
मी खाली, पालथ्या क्रेटवर,
नवी रेघ बघत.
काही न हलणं बघत बसायचं,
याचेही पैसे मिळतात कधीकधी.
एक भुंगा आला, रॉडवर टेकला,
त्यात त्याचं काही नव्हतं, गेला.
बाहेर उजाडलं असावं,
आत दिव्यांमुळे कळत नाही.

तास झाला. वरून आवाज आला नाही.
मान उंच करून पाहिलं:
घड हनुवटीशीच,
आणि ती, दोन्ही हातांनी, तोडतेय.